खातोय, पण अंगी लागत नाही

टाकीतल्या करवंटीखाली मासा कुशीवर पडला होता. एक डोळा वाळूकडे, दुसरा माझ्याकडे. काचेवर बोट वाजवलं, टॉर्च मारला, तरी हालचाल नाही. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. मासे घरी येऊन पाचच दिवस झाले होते आणि सहांतला एक माझ्या हातून गेला, या विचाराने पोटात गोळा आला.

फ्रीजवरच्या डब्यात निळ्या औषधाची बाटली होती. दुकानदाराने माशांबरोबरच दिलेली. "ताई, काय बी वाटलं की ह्यातलं सोडायचं, घाबरायचं न्हाई," असं त्याने सांगितलं होतं. मी बाटली उपडी धरली. थेंब मोजायचंही भान नव्हतं. पाणी निळंशार झालं आणि त्या निळ्यात मासे दिसेनासे झाले.

सकाळी पाहते तर तो मासा टाकीभर हिंडत होता. औषधाने वाचला, असं मी ठरवूनच टाकलं. रात्री पुन्हा आडवा दिसला, पुन्हा औषध. असं तीन रात्री चाललं. औषध सुरू केल्यापासून पाचव्या दिवशी सहाच्या सहा मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. तळ न सोडणारे मासे वर आले होते. कल्ले इतके भराभर हलत होते की मला माझाच श्वास कमी पडतोय असं वाटायला लागलं.

आता मला कळतं की पहिल्या रात्री त्याला काहीही झालेलं नव्हतं. लोच या तळाशी राहणाऱ्या माशांच्या गटातले बरेच मासे असेच झोपतात. कुशीवर, कधी दोन दगडांच्या फटीत डोकं खाली करून, कधी पानावर पसरून, कधी एकमेकांच्या अंगावर रेलून. मेल्यासारखं पडणं ही त्यांची विश्रांती. आजारी मी त्यांना केलं. फिल्टरच्या स्पंजात जे जिवाणू वस्तीला असतात, ते माशांच्या मलमूत्रातून सुटणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्याहून पुष्कळ कमी घातक अशा नायट्रेटमध्ये बदलतात. माझ्या नव्या टाकीत ती वस्ती जेमतेम बसायला लागली होती. निळ्या औषधाने ती मारली. पाणी दिसायला निळं आणि स्वच्छ होतं, पण आत मासे स्वतःच्याच अमोनियात भाजत होते. त्यात लोचचे खवले इतके बारीक आणि कातडीत रुतलेले असतात की नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. इतर माशांना सोसणारं औषध यांना सोसेल याची खात्री नसते, म्हणून जाणकार निम्म्या मात्रेपासून सुरुवात करतात. मला यातलं काही माहीत नव्हतं. चार दिवस रोज तिसरा हिस्सा पाणी बदललं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारून, बादलीत हात घालून पाणी फार गार तर नाही ना हे बघून. सहाही वाचले. तेव्हापासून ती बाटली घरात नाही.

मासा कोणता, हे तेव्हा मला दुकानातल्या नावाने माहीत होतं. झेब्रा लोच. वाढला तरी बोटभर, जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर. पिवळसर अंगावर काळपट तपकिरी रंगाचे खूप बारीक उभे पट्टे, तोंडाशी आखूड मिशा. "तळातला मासा हाय, खालचं सगळं साफ करतोय. वेगळं खायला घालायची बी गरज न्हाई," असं सांगून तो विकतात. हे साफ चूक आहे, आणि या एका समजापायी किती मासे उपाशी मरत असतील! हा मासा विष्ठा खाऊन जगत नाही. तळाचा मासा म्हणजे तळाशी जेवणारा मासा. वरच्या माशांनी खाऊन खाली काही उरलं तर त्याला मिळणार. त्याला बुडणारा दाणा हवा, तोही दिवे मालवल्यावर, कारण हा दिवसा बुजतो आणि अंधार पडला की मोकळा होतो.

शास्त्रीय नाव शोधलं ते बोटिया स्ट्रायाटा निघालं. प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली तुंगा नदीतल्या, शिमोग्याच्या नमुन्यांवरून ते दिलं. हेच नारायण राव पुढे बंगळूरच्या 'करंट सायन्स' या नियतकालिकाचे पहिले संपादक झाले. त्याच पानावर खाली आणखी एक नाव होतं आणि ते वाचून मी खुर्चीतून उठलेच. कोल्हापूरेन्सिस. १९५६ साली कलावार आणि केळकर यांनी कोल्हापूरच्या माशांचा अभ्यास केला, त्यात या माशाचा इथला एक वेगळा प्रकार नोंदवला होता. पुढच्या अभ्यासकांनी तो वेगळा मानला नाही, मूळ जातीतच धरला. मला त्या वादाशी कर्तव्य नव्हतं. मी दोनदा वाचलं ते एवढंच, की हा मासा पंचगंगेचा आहे. सह्याद्रीतून पूर्वेला उतरणाऱ्या, कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांचा. जगात दुसरीकडे तो कुठे नाही.

मी राहते कोल्हापुरात. मासा मुंबईहून आलेल्या मालातला. मूळ कुठल्या ओढ्यातून उपसला, कुठल्या गोदामात किती दिवस राहिला, हे दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. किती हात बदलून तो आपल्या खोऱ्यात परत आला आणि माझ्याकडे काचेच्या पेटीत पडला! आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या गोड्या पाण्यातल्या माशांचे १५ लाखांहून जास्त नग परदेशी शोभेच्या बाजारात गेले, असं संशोधकांनी मोजलं, आणि त्यात सर्वांत जास्त गेलेल्या मोजक्या जातींत हा होता. हे वाचल्यावर टाकीकडे बघणं बदललं. आपण विकत घेतलेली वस्तू ही आहे खरी, पण पैसे देऊन भागेल असं हे देणं नव्हतं.

मग मी त्यांना बघायला शिकले. रोज रात्री जेवणं झाली की टाकीसमोर पाट टाकायचा, टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधायचा आणि अर्धा तास बसायचं. लेकीने पट्ट्यांवरून नावं ठेवली. एकाच्या पाठीवर दोन पट्टे जुळून इंग्रजी वायसारखे झाले होते, तो वाय. एकदा दोन मासे समोरासमोर येऊन एकमेकांभोवती फिरायला लागले आणि बघता बघता दोघांचेही पट्टे फिके पडले, अंग राखेच्या रंगाचं झालं. पूर्वीची मी असते तर बाटलीकडे धावले असते. पण ते भांडण होतं. कळपात कोण मोठा हे ठरवताना हे मासे रंग सोडतात. अर्ध्या तासात पट्टे परत आले. कळप म्हणते, कारण हा मासा एकटादुकटा ठेवायचा नाही. पाच-सहा तरी हवेत. एकटा पडला की तो लपून राहतो, खात नाही आणि कुढत जातो.

वाळूही बदलली. आधी दुकानातली रंगीत धारदार खडी होती. लोच मिशांनी चाचपडत, तोंड खुपसत जेवतो. खडीने मिशा घासून आखूड होतात आणि त्या जखमांतून रोग शिरतो. नदीची बारीक वाळू आणून सात-आठ पाण्यांनी धुतली, गढूळपणा जाईपर्यंत. ती पसरली त्या रात्री सहाही जण नाकाडं खुपसून ती उकरत होते, कल्ल्यांतून वाळू बाहेर सोडत होते. आणि तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकला. टक्. नखावर नख वाजवावं तसा, काचेतून स्पष्ट. खाण्यावरून झटापट झाली की ते असा आवाज काढतात.

सगळं मार्गी लागलं होतं. आणि या सगळ्यात वाय वाळत चालला होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

लक्षात यावं कसं? जेवायला तो सर्वांत पुढे. दाणा पाण्यात पडला की करवंटीतून पहिला तोच बाहेर. आजारी मासा खात नाही, एका बाजूला पडून राहतो, एवढं आजारपण मला ओळखता येत होतं. हा तर धावून येत होता. समोरच्या काचेतून तो कुशीने दिसायचा, आणि कुशीवर तर पट्टेच पट्टे. पोट आत गेलंय हे पट्ट्यांमुळे कळत नव्हतं.

ओळखलं ते आबांनी. आबा म्हणजे माझे सासरे. वय ७४, जन्म पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी नदीच्या काठचा, बाजारभोगावच्या वरच्या अंगाला. आयुष्य शेती आणि जनावरांत गेलं. पाणी बदलायला मी टाकीवरची झाकणं काढली होती, ते काठी टेकत आले आणि वरून वाकून बघत उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, ह्या एकाचं डोस्कंच दिसतंय की गं. अंग कुठं हाय त्याचं?"

मी वरून पाहिलं. खरंच. बाकीच्यांची अंगं डोक्यामागे भरलेली, गोल. वाय मात्र टाचणीसारखा. डोकं तेवढंच, आणि मागे निमुळती होत गेलेली बारीक काडी. पाठीला धार आलेली.

"पण आबा, तोच सगळ्यात जास्त खातो."

"खातंय न्हवं? मग अंगाला का लागंना?" आबा म्हणाले. "जंत हाईत त्याच्या पोटात. शेरडाचं करडू असंच वाळतंय. चारा खातंय, पेंड खातंय आनि बरगड्या वर येत्यात."

खातोय, पण अंगी लागत नाही. आपल्याकडे पोरांबद्दल हे वाक्य किती सहज बोललं जातं. परीक्षेच्या दिवसांत माझी आईसुद्धा माझ्याबद्दल हेच म्हणायची. ते एका रोगाचं लक्षण आहे, तेही अचूक, हे त्या दिवशी टाकीवर वाकून मला कळलं. मासे पाळणारे याला सुकण्याचा रोग म्हणतात. नदीतून पकडून आणलेल्या लोचमध्ये तो फार आढळतो. आतड्यातले कृमी माशाचं अन्न खात राहतात आणि मासा भुकेने आणखी खात राहतो. नदीत असताना पोटात थोडे जंत असले तरी मासा तग धरतो. पकडणं, पिशव्या, गोदाम, उपासमार, नवं पाणी, यात त्याची ताकद जाते आणि जंत वरचढ होतात. त्या रात्री मी लाल टॉर्च लावून वायच्या मागे लागले. त्याची विष्ठा पांढरट, चिकट दोऱ्यासारखी लोंबत होती. ती मी आधीही पाहिली होती आणि काही विचार केला नव्हता.

आबांच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. बोटभर माशासाठी आलोय म्हटल्यावर ते हसतील अशी धाकधूक होती, पण ते हसले नाहीत. फोनमधले फोटो मोठे करून करून बघितले, टाकी किती लिटरची ते विचारलं. लेव्हॅमिसोल हे औषध शेळ्या-मेंढ्यांना जंतासाठी पाजतात, तेच माशांनाही चालतं. एका लिटरला २ मिलिग्रॅम. औषध वेगळ्या ४० लिटरच्या टाकीत द्यायचं ठरवलं, म्हणजे ८० मिलिग्रॅम. त्यांनी कागदावर हिशेब करून दिला, दोनदा तपासला आणि मापाची सिरिंज दिली. सहाही माशांना द्यायचं, एकाला नाही. एकाच्या पोटात आहे म्हणजे सगळ्यांच्या पोटात असणार.

मासे हलवायचे होते. पाच जण प्लास्टिकच्या डब्यात सरळ आले. वाय करवंटीतून बाहेर येईना, म्हणून मी जाळी घातली आणि तो तिला अडकला. लोचच्या डोळ्याखाली एक काटा असतो, दोन टोकांचा. एरवी तो कातडीच्या खाचेत मिटलेला असतो, चाकूचं पातं मिटावं तसा. घाबरला की बाहेर काढून ताठ धरतो. मोठ्या माशाने गिळू नये म्हणून ही सोय. तोच काटा जाळीच्या दोऱ्यात रुतला होता. ओढलं असतं तर डोळ्याजवळचं मांस फाटलं असतं. मी जाळी डब्यातल्या पाण्यात बुडवून धरली, लेकीने शिवणकामाची छोटी कात्री आणली आणि काट्याभोवतीचे दोरे एकेक करून कापले. सहा दोरे. वाय माझ्या दोन बोटांच्या मध्ये होता. त्याचं काहीच वजन नव्हतं. कल्ले उघडत मिटत होते, त्यांचा स्पर्श बोटांना लागत होता. कुठल्याही क्षणी बोटांत जोर येईल अशी भीती वाटून मी हात दगडासारखा धरून बसले. शेवटचा दोरा सुटला तेव्हा त्याने काटा मिटला. ते मी पाहिलं. बारीक पापणी मिटावी तसा तो आत गेला.

हे औषध उजेडात खराब होतं. म्हणून टाकीला चारी बाजूंनी गोधडी गुंडाळली, वर चादर टाकली. हवेचा पंप सुरू. चोवीस तास. घरात कोणी मोठ्याने बोलेना, जणू पाळण्यात बाळ आहे. औषधाने जंत लुळे पडतात आणि माशाच्या शरीराबाहेर फेकले जातात. लुळे पडतात, मरतातच असं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी नळीने तळ पूर्ण उपसून काढायचा, निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा.

गोधडी काढली तेव्हा तळाशी बारीक पांढरे धागे पडलेले होते. सगळ्यांचे.

वाय नवव्या दिवशी गेला. औषधाने गेला नाही, उशीर झाला होता. शेवटचे दोन दिवस तो दाण्याजवळ यायचा, मिशा लावायचा आणि तसाच थांबायचा. सकाळी तो वाळूवर कुशीवर पडलेला दिसला. तसाच, पहिल्या रात्री दिसला होता तसा. मी टॉर्च मारला नाही. कल्ले बघितले. ते हलत नव्हते.

लेकीने दर रविवारी टाकीवर स्टूल ठेवून वरून फोटो काढायला सुरुवात केली. डोक्याची रुंदी आणि त्यामागच्या अंगाची रुंदी ती पट्टीने मोजते, वहीत लिहिते. दुसऱ्या मात्रेनंतर पाचही जणांची अंगं डोक्यापुढे जायला लागली. दिसायला सुदृढ वाटणारे ते पाच जण किती बारीक होते, हे जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवले तेव्हा दिसलं. वाय नसता तर आम्ही वरून कधी पाहिलंच नसतं.

एकदा आबा म्हणाले, "आता बरी झालीत न्हवं? आपल्याच नदीची हाईत. सोड की न्हेऊन पंचगंगेत."

मलाही ते वाटून गेलं होतं. रोज वाटायचं. पण धीर झाला नाही, आणि होऊ नये असंच वाटतं. हे मासे दुकानात देशोदेशीच्या माशांच्या पाण्यात राहून आलेत. त्यांच्या अंगावर, पोटात काय काय आलंय, दोन मात्रांनी काय गेलं आणि काय उरलं, कुणी सांगावं? मूळचे ते पंचगंगेचे की तुंगेचे, हेही माहीत नाही. उजनी धरणाच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात शोभेचा परदेशी सकर मासा येतो, तोही कुणीतरी टाकीतून दयेपोटीच सोडला असणार. मी आबांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आनि नदी तरी कुठं ऱ्हायलीय सोडायजोगी." पंचगंगेवर फेस आल्याची, मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी आमच्याकडे दर उन्हाळ्यात असते. पावसाळा संपला की बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसतात आणि वाहतं पाणी साचून राहतं. दगडगोट्यांतून खळाळणाऱ्या पाण्याच्या माशाला ते पाणी मानवत नाही.

दिवाळीनंतर आम्ही कासारीवर गेलो, आबांच्या गावच्या वरच्या बाजूला, जिथे अजून पाणी घोट्याएवढं आणि काचेसारखं आहे. आबांना मांड्यांपर्यंत धोतर खोचून पाण्यात उतरायचंच होतं. मी एका हाताला, लेक दुसऱ्या. लहानपणी ते आणि त्यांचा भाऊ इथे दगड उलथून मासे धरायचे. "पट्ट्याचं हुतं," ते म्हणाले, "पर नाव काय आम्ही ठेवलं न्हवतं. काटा टोचायचा, एवढं ध्येनात हाय." त्यांनी अंगठ्याच्या पेराकडे पाहिलं, जणू खूण अजून असेल.

मग ते वाकले आणि एक चपटा दगड दोन्ही हातांनी अलगद उचलला. खाली गाळाचा छोटा ढग उठला, त्यातून वाळूच्या रंगाचं काहीतरी निसटलं आणि शेजारच्या दगडाखाली गेलं. पट्टे होते की नव्हते, तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. लेक म्हणाली, पुढचा दगड उचला ना आबा.

आबांनी मान हलवली. पाणी निवळेपर्यंत ते तसेच वाकून थांबले आणि हातातला दगड होता त्याच खाचेत, होता त्याच बाजूने परत ठेवला.